थोरल्यांचा पट्टा

२४ जुलै २०१५, शुक्रवार वागे

ही वही जंगलखात्याची आहे. पहिल्या चौदा पानांवर माझंच अक्षर: थोरले किती आले, कुठल्या बाजूने आले, नदीवर कधी उतरले, परत कधी फिरले. मचाणावरची राखण बंद झाली आणि वही मागायला कोणी आलं नाही. कोरी पानं नुसती पडून राहिलेली मला बघवत नाहीत. आजपासून इथे घरचं लिहिणार. वारापुढे जावाच्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला दिवसही लिहितो, वागे, क्लिवोन असा, जुनी सवय.

थोरले म्हणजे हत्ती. गावात हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही, नाव घेतलं की हजर होतात म्हणून. लिहायला हरकत नसावी, त्यांना वाचता येत नाही.

पामुजी ईदला आला तो अजून इथेच आहे. सोबत बायको नुरवांती आणि दोन वर्षांची वेनिंग. जावातला बुटांचा कारखाना बंद पडला. सहा वर्षं पोरगा तिथे बुटांना तळवे चिकटवत होता. आमचं शेंडेफळ ते. माझी बायको तुमिनी त्याला रोज काहीतरी तळून घालते आणि मी लवंगेची सिगारेट ओढत अंगणात उगाच येरझाऱ्या घालतो. कारण सरळ आहे. त्याला द्यायला माझ्याकडे वीतभर जमीन उरलेली नाही.

एक्याऐंशी साली सरकारने आम्हाला जावातून जहाजात घालून इथे सुमात्रात आणलं आणि दोन हेक्टर दिले, तेव्हा वाटलं होतं, सात पिढ्यांची सोय झाली. दुसरी पिढीसुद्धा नीट बसेना. अर्धी जमीन मोठ्या मुलाच्या, वार्दोयोच्या लग्नात गेली, उरलेली मुलीच्या, सुमिराहच्या. वार्दोयोला पाच मुलं. गावाच्या वेशीवर 'दोन मुलं पुरे' ही पाटी त्यानेच रंगवलीय. अक्षर सुरेख आहे.

माझ्या बापाच्या शेताचे सात वाटे झाले होते. माझा वाटा एवढा अरुंद की आडवा झालो तर पाय भावाच्या शेतात. म्हणून तेहतिसाव्या वर्षी जहाजात बसलो. चार वर्षांनी बाप गेला, ते मला वीस दिवसांनी पत्रातून कळलं. तेव्हाच ठरवलं की माझं एकही पोर हाकेच्या पलीकडे जाता कामा नये. वार्दोयोचं घर एका हाकेवर आहे, सुमिराहचं दोन. पामुजीचं कुठे असेल याचा विचार करून डोकं शिणलं.

२८ जुलै, मंगळवार पोन

आज सहज पट्ट्याकडे गेलो. सहज म्हणजे तीनदा गेलो.

हा पट्टा आम्हीच सोडलेला. पहिल्या वर्षी आमचा मका थोरल्यांनी तीनदा तुडवला. चौथ्यांदा पेरायला बी नव्हतं. मग आम्ही तीस घरांचे तीस पुरुष जंगलखात्याच्या माणसासमोर बसलो आणि ठरवलं की रानापासून नदीच्या वळणापर्यंत दीडशे पावलं रुंदीची जागा कोणी नांगरायची नाही. गवत, बांबू, जे वाढेल ते वाढू द्यायचं. थोरले तिथून पाण्यावर जातील आणि तिथूनच परत येतील. चौतीस वर्षं ते तसेच गेले-आले. रांगेत, शाळेच्या पोरांपेक्षा शिस्तीत.

तीस घरांची आता दोनशे बारा झाली. शब्द दिलेल्या तिसांतले चौघे जिवंत आहेत. मी त्यातला एक.

आज पावलं मोजली. दीडशेतली चाळीस काढली तर एकशे दहा उरतात. थोरले मोठे असतात हे कबूल, पण एकशे दहा पावलं रुंद कोणी नसतो.

तुमिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पामुजीला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? जमीन नको म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय."

"विचारा तरी."

जेवताना विचारलं. "पामुजी, नदीकडची चाळीस पावलं तुला काढून देतो. कसावा लाव, मका लाव. घर मी बांधून देतो."

तो म्हणाला, "इंगिह, बापाक." हो, बाबा. एवढंच. सहा वर्षं शहरात राहून पोराने वडिलांशी बोलायची रीत सोडली नाही, ऊर भरून आला. नुरवांती वेनिंगला घेऊन अंगणात गेली. पोरीला उकडत असावं.

१३ ऑगस्ट, गुरुवार वागे

उद्या शुक्रवार क्लिवोन. याच्या आदल्या संध्याकाळइतका चांगला मुहूर्त पस्तीस दिवसांत एकदाच येतो. सूर्यास्ताच्या मग्रिब नमाजानंतर घरी स्लामेतान, म्हणजे मागणं मागून वाटायचं जेवण, घातलं. मागायचं तर रीतसर मागावं, चोरून कुऱ्हाड चालवणारा मी नव्हे.

तुमिनी आणि सुमिराह पहाटेपासून चुलीशी होत्या. भाताचा डोंगर, आख्खी कोंबडी, नारळात परतलेल्या शेंगा. चाळीस घरांना बोलावणं केलं. कमी करता येत नाही, एक घर चुकलं तर दहा वर्षं ऐकावं लागतं. चटयांवर दाटीवाटीने सगळे पुरुष बसले. त्यातल्या निम्म्यांना मी पाळण्यात पाहिलंय.

मशिदीचा मोदिन सार्बिनी याने मागणं सांगितलं. त्याचा आवाज मोठा आहे आणि त्याला ते ठाऊक आहे. "म्बाह करसिमान यांची आणि या अन्नाला हात लावणाऱ्या सर्वांची विनंती आहे. थोरल्यांनी राग धरू नये, जागा द्यावी, लेकराबाळांना सांभाळावं." म्बाह करसिमान, म्हणजे करसिमान आजोबा, तो मी. सगळे म्हणाले, आमीन. 'अन्नाला हात लावणाऱ्या सर्वांची' हे मोदिन दरवेळी म्हणतो, लग्नात म्हणतो, सातव्या-चाळिसाव्यालाही म्हणतो. मग भाताच्या पुड्या घेऊन सगळे घरोघर गेले. पुडी घरी गेली, बायकापोरांनी चार घास खाल्ले, म्हणजे त्या घराचाही होकार झाला.

सोवितो आला होता. तोही तिसांतला, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आमीन म्हणताना त्याचे ओठ हलले नाहीत, कानाने अधू झालाय. पुडीही न्यायची विसरला. तुमिनी म्हणाली, "विसरले नाहीत ते." मी म्हटलं, म्हातारपण असंच असतं. उद्या नेऊन देईन.

१६ ऑगस्ट, रविवार पाहिंग

काल मी, पामुजी आणि वार्दोयोचा गालिह असे तिघे कोयते घेऊन गेलो. बांबू चिवट. गालिह एकोणीस वर्षांचा घोडा, त्याच्या हाताला काम आहे. संध्याकाळपर्यंत दहा पावलं मोकळी केली आणि मला विशीतल्यासारखं वाटलं.

आज सकाळी जातो तर पट्ट्यात माणसंच माणसं! आमच्या पलीकडे रातिमान आणि त्याचे मेव्हणे, त्याच्या पलीकडे सुतार, त्याच्या पलीकडे कोण ते दिसेना. दोऱ्या बांधलेल्या, खुंट्या ठोकलेल्या.

"रातिमान, हे काय चाललंय?"

"तेच जे तुमचं चाललंय, म्बाह."

"मी परवानगी मागितली थोरल्यांची!"

"आम्हीपण मागितली. तुमच्याच घरी, तुमच्याच चटईवर. आमीन म्हणालो, भात खाल्ला. माझ्या चारही पोरांनी खाल्ला." आणि वर हसून, "कोंबडी फारच छान झाली होती हो."

मोदिनाकडे गेलो. तो म्हणाला, शब्द मागे घेता येत नाहीत, आणि तसाही त्याच्या धाकट्याने नदीजवळचा तुकडा धरलाय. सरपंचाकडे गेलो. तो म्हणाला, त्याला पट्ट्यात काहीच दिसलं नाही. त्याच्या घरून पट्टा दिसतो.

सोवितोची पुडी न्यायची राहिली. भात आंबला, कोंबड्यांना घातला.

मी रागावलोय. पण कुणावर हे नीट सांगता येत नाही आणि हातातला कोयताही ठेवता येत नाही. मी थांबलो तर पामुजीची चाळीस पावलंसुद्धा रातिमान खाऊन टाकेल.

२९ ऑगस्ट, शनिवार क्लिवोन

दोन आठवड्यांत सगळा पट्टा उघडा पडला. काल पेटवला. आज सगळीकडे काळं, आणि घरातून थेट नदी दिसते. तुमिनी म्हणाली, "इतकी जवळ होती?" मलाही ते आजच कळलं.

लोक तार लावताहेत. पामुजीच्या तुकड्याला मी अजून लावली नाही, आधी विहीर. तो खणतो, मी माती ओढतो. दिवसभर तोंडातून शब्द नाही. कष्टाळू माणूस बोलत नाही. मध्येच फोन आला की मात्र बांधापलीकडे जातो. आज ऐकू आलं, "हो, ऑक्टोबरअखेर नक्की." ऑक्टोबरअखेर पाऊस सुरू होतो, तेव्हाच्या लागवडीचं बोलत असणार. पोरगा पुढचा विचार करतो.

नुरवांतीने आणलेल्या दोन बॅगा अजून भरलेल्याच आहेत. लागतील तेवढेच कपडे काढते आणि धुऊन परत आत घालते. टापटिपीची आहे.

१२ सप्टेंबर, शनिवार वागे

पाऊस नाही. दीड पुरुष खोल गेल्यावर पाणी लागलं, गढूळ पण गोड. विहिरीचं तोंड आठ हात रुंद ठेवलंय, म्हणजे पुढेमागे पोहरा, पंप काहीही बसेल. कठडा पावसानंतर बांधू. वार्दोयोची धाकटी दोघं दिवसभर तिथे हुंदडतात, म्हणून मी बांबूच्या कांबी आडव्या टाकून वरून गवत पसरलं. माझ्या जिवाला घोर नको.

कसाव्याच्या कांड्या लावल्या. पाणी घालतोय, फुटवे आलेत.

तीन आठवडे थोरल्यांचा पत्ता नाही. रातिमान चहाच्या टपरीवर म्हणतो, "म्बाहचं स्लामेतान पावलं. गाव सोडून गेले!" सगळे हसले. मीही हसलो. पण या कोरड्या महिन्यात त्यांना नदीशिवाय चालत नाही, हे माझ्याच अक्षरात याच वहीत लिहिलेलं आहे. ते पाणी कुठे पितात? मला सारखं उठून रानाकडे बघावंसं वाटतं. तुमिनी म्हणते, बसा एका जागी, जमीन झिजेल.

३ ऑक्टोबर, शनिवार क्लिवोन

सुमिराहच्या स्वयंपाकघरामागची केळ गेली. आठ झाडं. चिखलात पावलं, टोपल्यांएवढी. त्यात एक पाऊल बशीएवढं.

पाण्याची वाट शोधताहेत. तारेशी येतात, अडतात, बाजूला सरकतात. घरांमधल्या बोळांतून वाट काढू बघतात. मी टपरीवर सांगितलं की मधली शंभर पावलं तरी मोकळी करू या. रातिमान म्हणाला, "कोणाची? माझी का मोदिनाच्या पोराची? तुमच्यापासून सुरुवात करा, म्बाह."

मी चहाचे पैसे ठेवून उठलो. पामुजीचा कसावा आता गुडघ्याला लागला आहे.

६ ऑक्टोबर, मंगळवार पोन

आजचं आजच लिहितो.

सकाळी सहाला वार्दोयोची पोरं धावत आली. "म्बाह, विहिरीत कोणीतरी रडतंय!"

मी गवत पसरलं होतं त्याच्या मध्यभागी भगदाड. खाली थोरल्यांचं पिल्लू. पाणी त्याच्या पोटापर्यंत, सोंड वर, मातीच्या भिंतीवर पाय मारतंय आणि घसरतंय. रानाच्या कडेला दोनशे पावलांवर सात जणी उभ्या. त्यांतली एक पुढे येई, थांबे, मागे जाई, पुन्हा पुढे येई. ती आई हे कोणी सांगायला नको.

पामुजी आला, एकदा आत डोकावला आणि म्हणाला, "उतार खणायला हवा. कुदळी आणा. कसावा गेला तर जाऊ दे." ते ऐकून मी म्हणालो, "सगळाच नको, एका बाजूने..." तर तो ओरडला, "बापाक! कधीतरी ऐका ना कोणाचं!" जन्मात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. मग मीच पहिली कुदळ घातली.

तो, मी, गालिह, वार्दोयो. माती मऊ होती, काम होण्यासारखं होतं. दोन तासांत पिल्लू आईजवळ गेलं असतं. आई येऊन उभी राहिली असती, आम्ही बाजूला झालो असतो.

पण माणसं आली. आधी पट्ट्यातले शेतकरी, मग त्यांच्या बायका, मग शाळा सोडून पोरं, मग पलीकडच्या गावातून मोटारसायकलींवर आणखी. फोन वर धरलेले. कोणी भजी विकायला आणली. आई चाळीस पावलं पुढे आली की पोरांची किंकाळी, कोणीतरी फटाका लावी, ती मागे. पुन्हा पुढे, पुन्हा फटाका. मी हात जोडले, शिव्या घातल्या. "मागे व्हा! दहा मिनिटं मागे व्हा!" पुढच्यांना मागे व्हायचं होतं, पण मागचे पुढे ढकलत होते.

सोवितो काठी टेकत आला. म्हणाला, "करसी, यांना घरी पाठव."

"कुठे पाठवू? इथे घरीच आहेत सगळे."

खरंच तसंच होतं. मी वर पाहिलं आणि मला कळलं की आमच्या गावात इतकी माणसं आहेत. यांना मी असं एका जागी कधी पाहिलंच नव्हतं. आणि त्यात माझीच सतरा होती. वार्दोयोची सात, सुमिराहची पाच, पामुजीची तीन, आणि आम्ही दोघं म्हातारे. सगळी हाकेच्या अंतरात, मला हवी होती तशी.

दुपारी उतार झाला. पिल्लू धडपडत वर आलं, चिखलाने माखलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने रानाकडे सोंड केली. तिथे कोणी नव्हतं. त्या कधी गेल्या ते त्या गोंधळात कोणीच पाहिलं नाही. मग ते वळलं आणि पामुजीच्या मांड्यांमध्ये तोंड खुपसून दूध शोधायला लागलं. लोक हसले. पामुजी रडत होता.

जंगलखात्याची गाडी आली. साहेबाने विचारलं, विहीर झाकली का होती? "हा तर सापळाच दिसतो." मी म्हटलं, नातवंडं पडू नयेत म्हणून. त्याने ते लिहून घेतलं, माझी सही घेतली. गाडीत चढवताना पिल्लू ओरडत होतं.

११ ऑक्टोबर, रविवार पोन

पिल्लू गेलं. बाटलीतलं दूध घेतच नव्हतं. पामुजी रोज मोटारसायकलने जंगलखात्याच्या केंद्रावर जात होता, त्यानेच येऊन सांगितलं.

मी मारलं त्याला. साहेबाने कागदावर काहीही लिहिलेलं असो.

१९ ऑक्टोबर, सोमवार लेगी

नुरवांतीने सांगितलं. पामुजी नाही, ती. पामुजी तिच्या शेजारी मान खाली घालून बसला होता.

समुद्रापलीकडे कालिमांतानात पाम तेलाच्या मळ्यावर दोघांना काम मिळालंय. राहायला खोली मिळेल. पुढच्या सोमवारी निघायचं.

"कधी ठरलं हे?"

"जूनमध्ये, बापाक. ईदच्या आधी. तुम्हाला सांगायलाच तर आलो होतो."

जूनमध्ये. म्हणजे मी पहिला बांबू तोडायच्या दोन महिने आधी.

"मग बोलला का नाहीस?" मी पामुजीला विचारलं.

"तुम्ही इतके खूश होतात," तो म्हणाला.

चिडून तुमिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी तुम्हाला दोनदा म्हटलं की विचारा. तुम्ही विचारलं नाहीत, सांगितलंत. सांगितल्यावर कोण नाही म्हणतं तुम्हाला?"

वेनिंग माझ्या मांडीवर येऊन बसली, तिला यातलं काही कळत नाही. मला पामुजीला म्हणायचं होतं की तो मळासुद्धा कोणाचा तरी पट्टा तोडूनच केलेला असणार. पण म्हणालो नाही. मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

२६ ऑक्टोबर, सोमवार पोन

सकाळी सातच्या बसने गेली तिघंही. बस वळणाआड जाईपर्यंत मी हाका मारत होतो, काय ते आठवत नाही. तुमिनी नंतर म्हणाली, नुसतंच "अरे, अरे" म्हणत होतात.

५ नोव्हेंबर, गुरुवार पोन

पाऊस आला. पट्ट्यात दोन्ही बाजूंनी मक्याचे कोंब वर आलेत, सरळ रेषांत.

चार दिवस लागले, पण मी विहीर बुजवली. एकट्याने. उरलासुरला कसावा उपटला. गावाला बोलावून सांगायचं होतं, म्हणून नमाजानंतर मशिदीत उभा राहिलो. म्हटलं, चूक माझी, पहिला कोयता माझा, माझी चाळीस पावलं मी परत देतोय. तुम्हीही थोडी थोडी द्या. सगळ्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. कोणी वाकडं बोललं नाही. बाहेर पडताना रातिमानने खांद्यावर हात ठेवला, "पोरगा गेला ना म्बाह, मन लागत नाही, समजतं." त्यालाही चार पोरं आहेत, दुसरीकडे जमीन नाही. त्याच्यावर रागावायला जातो आणि राग येत नाही. हेच जास्त सलतं.

सोवितो तेवढा पट्ट्यावर आला. माझ्या तुकड्याच्या कडेने चालला आणि म्हणाला, "गवत लावावं लागत नाही, नाही का? तेवढं एक बरं आहे."

२२ नोव्हेंबर, रविवार क्लिवोन

वार्दोयो आला, गालिहला घेऊन. हातात दोरी आणि खुंट्या.

"बापाक, गालिहचं जमलं. फेब्रुवारीत लग्न. पामुजी तर गेला, त्याचा तुकडा रिकामाच आहे. मोजून घेतो."

मी म्हटलं, "नाही."

त्याला वाटलं, आज नाही. "मग उद्या येऊ?"

"उद्याही नाही. तो तुकडा दिलेला आहे."

"कोणाला?"

"थोरल्यांना."

वार्दोयो हसला. मग मी हसत नाही हे पाहून थांबला. "त्या बोळातून? दोन्हीकडे तार, मध्ये चाळीस पावलं. पंधरा दिवसांत आला एक तरी?"

"नाही आला."

"आणि नाहीच आले तर?"

"तर रिकामा राहील."

"स्वतःच्या नातवाला नाही म्हणताय? जनावरासाठी?"

गालिह खुंट्या हातात घेऊन उभा होता. याच्या जन्माच्या दिवशी याच्या कानात बांग मीच दिली होती. विहिरीवर सहा तास कुदळ मारली याने, एकदाही बस म्हणाला नाही. याचा काहीच गुन्हा नाही. याला उद्या जहाजात बसावं लागलं तर त्याला कारण मी असेन, हेही मला कळत होतं. मी मान हलवली, आडवी. ते गेले. वार्दोयोने जाताना माझा हात कपाळाला लावला नाही. असं आजवर झालं नव्हतं.

दुपार कलल्यावरच्या असरच्या बांगेपर्यंत तिथेच उभा होतो. गवत घोट्याएवढं आलंय. मी बरोबर केलं का, देव जाणे. सगळी माणसं त्यांच्या जागी बरोबरच आहेत, म्हणून तर कोणाची एक पाऊलही जमीन मोकळी होत नाही.

एक मात्र मला पक्कं ठाऊक आहे. मी मेलो की सातव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी इथे दोरी पडेल. गवत थोरल्यांच्या खांद्याला लागायला चार पावसाळे हवेत, बांबूला सहा. त्याच्या आत ते इकडे फिरकणार नाहीत, उघड्यावरून ते जात नाहीत. मी आज सदुसष्टचा.

घरी येऊन सिगारेटचं पाकीट चुलीत टाकलं. लवंगांचा वास घरभर झाला. तुमिनी धावत आली.

"हे काय केलंत?"

"सोडली. मला अजून सहा वर्षं तरी जगायचंय."

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "चाळीस वर्षं मी सांगतेय तेव्हा नाही सोडली. पोरं सांगून थकली. आणि आता गवतासाठी?"

मी हो म्हणालो.